डिस्क फिरते तोवर

बोर्ली पंचतन
८ ऑक्टोबर २०२४

भाई,

सलाम. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून हे हाताने लिहितेय आणि झियानच्या बॅगेत घालतेय. आपल्या शेजारचाच पोरगा, तुझ्याच कंपनीत मस्कतला चाललाय, तो काही पत्र समुद्रात टाकणार नाही. सोबत सुका जवळा आणि कोकम आहे. जवळा ठेवून घेऊन पत्र परत करायचं असेल तर तसं कर, पण आधी वाच.

त्या व्हिडिओ कॉलला दोन वर्षं होऊन गेली. अम्माने तुझ्याकडे बघून विचारलं, "हे गृहस्थ कोण गो? माझ्या तबरेजला केस हायत चांगले दाट." आणि मी हसले. हसू आलं, काय करू? तुलाही यायला हवं होतं. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. अरे, मला ती कधी मैमुना म्हणते, कधी कुठली पाहुणी समजून "बस, चाय घे" म्हणते. मी काय रुसून घर सोडून गेले?

ती तुला विसरलेली नाही, हे सांगायला लिहितेय. सत्त्याण्णव साली तू मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर अजून चालतो. वादळात खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, तो माळ्यावर होता म्हणून वाचला. दुपार उतरून असरची नमाज झाली की अम्मा त्याच्यापुढे येऊन बसते. "चालू कर गो," म्हणते. मी बटण दाबते. आतली हार्ड डिस्क घुंई करत फिरायला लागते, मग टकटक, टकटक. अम्मा डब्यावर तळवा ठेवून बसते. हाताला ती थरथर लागली की तिला कळतं, तू आलास. मग मी तुझ्या आवाजाची जुनी फाईल लावते आणि तू बोलतोस, "अम्मा, जेवलीस का? आधी ताट घे, मग ऐक."

आणि ती जेवते. दिवसभरात तेवढंच जेवते. एरवी घास पुढे केला की तोंड फिरवते. पत्राऐवजी तुझ्या बोललेल्या कॅसेटी यायच्या तेव्हा आपण सगळे ताटं घेऊन ऐकायला बसायचो, तिच्या डोक्यात तेवढंच शिल्लक राहिलंय. मी काही तक्रार करत नाही. जेवते ना, बस्स.

पण आठवडाभर डिस्कचा आवाज बिघडलाय. जात्यात खडा आल्यासारखी खरखर येते. मला त्या आवाजाचा अर्थ माहीत आहे आणि मला भीती वाटतेय. दुकानात आधारचे फॉर्म आणि झेरॉक्स यावरच माझं चालतं असं तुला वाटत असेल, पण जुने कॉम्प्युटर पण येतात हल्ली माझ्याकडे. किहीमला मृणाली म्हणून एक बाई राहते, तिला जुन्या मशिनींचा भारी नाद. कुठून कुठून भंगार उचलून आणते आणि मला सांगते, ह्यात नवी डिस्क बसव, त्यात मेमरी वाढव. तिच्या चार-पाच मशिनी मी उठवून उभ्या केल्यात. तेव्हा आपलीही करेनच.

तू एवढंच कर. दोन मिनिटं बोल आणि झियानच्या फोनवरून पाठव. जुनंच बोल. जेवलीस का, म्हण.

मैमुना


बोर्ली पंचतन
२४ नोव्हेंबर २०२४

भाई,

तुझा आवाज काही आला नाही. झियान म्हणतो, पत्र दिलं, खिशात घातलंस. बरं.

मशिनीचं झालं ते सांगते. आधी मेमरी गेली. ह्या मशिनीला मेमरीच्या पट्ट्या जोडीनेच लागतात, एक गेली की दुसरी धडधाकट असून उपयोग नाही. खोडरबराने घासून बघितल्या, तूच शिकवलं होतंस मला ते. एक उठली, एक नाही उठली. मृणालीने तिच्या डब्यातून त्याच मापाची जोडी काढून दिली. हातात ठेवली आणि म्हणाली, "आईंना लागते ना, मग विचारतेस काय?" परकी बाई, बघ.

मग डिस्क. पूर्वी कॅमेऱ्यात असायचं तसं जाड मेमरी कार्ड घेतलं, ते डिस्कच्या जागी बसवायची पट्टी मिळते ती लावली आणि जुन्या डिस्कवरचं जेवढं निघेल तेवढं कार्डावर उतरवलं. तुझी फाईल निघाली. चांगली निघाली. मी उड्या मारल्या, खोटं नाही सांगत. कार्डावर मशीन अशी पटकन चालू होते की आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या दिवसांत हे असतं तर आपण मिठाई वाटली असती.

अम्मा आली, बसली. तळवा ठेवला. मी तुझी फाईल लावली. तू बोललास, तेच सगळं, जेवलीस का, ताट घे. अम्मा माझ्याकडे बघतेय.

"चालू कर ना गो."

"चालूच हाय अम्मा. ऐक ना, बोलतोय."

"न्हाय. बंद हाय. कुणी तरी नक्कल करता त्याची."

आणि उठून गेली. कार्डाला आवाज नसतो भाई, त्यात फिरणारं काहीच नसतं. पंखा फिरतो, पण पंख्याला ती जमेस धरत नाही. मग मी मोबाईलवर डिस्कचा आवाज भरून तो मोबाईल डब्यात लपवला. कानाला बरोबर लागला, हाताला काही लागेना, तिने तळवा उचलला. मृणालीकडची दुसरी जुनी डिस्क लावली. ती फिरली, थरथरली पण. अम्मा म्हणते, "ही कोणाची आणलीस? आपली दे." घरातल्या माणसांची नावं विसरते आणि डिस्क बरोबर ओळखते! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि रंगूने मला पाणी दिलं. रंगू आठवते ना, वरच्या वाडीतली, भाजी घेऊन यायची? आता दुपारी अम्माजवळ तीच बसते, मी दुकानात असते तेव्हा.

शेवटी आपलीच जुनी डिस्क परत बसवली. तिची डेटाची पट्टी काढून टाकली, नुसती वीज दिली. काम सगळं कार्ड करतं, डिस्क नुसती फिरते. अम्माने तळवा ठेवला, हसली, म्हणाली, "आला." भात आणि बांगड्याचं कालवण, सगळं खाल्लं.

आता दुसरी गोष्ट. अब्बांच्या आवाजाची फाईल, तू कॅसेटवरून उतरवलेली, ती निघाली नाही. सुरुवातीचं "तबरेज, बेटा" एवढं वाजलं, पुढे नुसती खरखर, आणि मशीन अडकून पडली. दुसऱ्यांदा प्रयत्न करायची हिंमत झाली नाही.

मैमुना


बोर्ली पंचतन
१८ जानेवारी २०२५

भाई,

झियानच्या फोनवर तुझा निरोप आला. स्वतः नाही बोललास, त्याला लिहायला लावलंस. "डिस्कला हात लावू नकोस, बंद करून ठेव, कुणाबरोबर तरी पाठवून दे, अब्बांचा आवाज त्यात आहे." मी तीन-चारदा वाचला. अम्माचं नाव कुठे सापडलं नाही.

तुझा हक्क नाही असं मी म्हणत नाही. अब्बांनी ती कॅसेट तुझ्यासाठी भरली होती. तू दुसऱ्या कॅम्पला गेला होतास, नेणाऱ्याला सापडला नाहीस, ती तशीच परत आली आणि तोवर अब्बा गेले. तुला सुटी दिली नाही त्या लोकांनी. पुढे आलास तेव्हा घरात बसून ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवलीस, आवाज बंद ठेवून. "सावकाश ऐकतो," म्हणालास. आणि आपल्या घरची रीत, कॅसेट कोरी ठेवायची नाही. आलेलं ऐकायचं, त्याच्यावरच आपलं भरायचं आणि जाणाऱ्याबरोबर परत धाडायचं. तू परत गेलास आणि अम्माने त्याच कॅसेटवर तुला नारळाचं आणि शेजारच्या लग्नाचं सांगून पाठवलं. अब्बा पुसले गेले. कुणाला काही वाटलं नाही, कॉम्प्युटरमध्ये आहेत ना, म्हणालो. प्रत्येक सुटीत तू म्हणायचास, उद्या ऐकतो. तुला त्यांचा आवाज सोसत नव्हता, मला कळत होतं. म्हणून मी कधी टोकलं नाही.

आता ऐक. मृणालीला विचारलं मी. ती म्हणाली, "बंद कर मैमुना. आतला काटा चकतीला घासतोय. जितक्यांदा फिरवशील तितकं खरवडलं जाईल. बंद ठेवलीस तर मुंबईत डिस्क उघडून आवाज काढणारे लोक आहेत, अजून काही तरी मिळेल." तिचं बरोबर आहे. तुझंही बरोबर आहे.

मी बंद केली होती. तुला खोटं वाटेल, पण तुझा निरोप आला त्याच दिवशी बाहेर काढून कापसात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. अम्मा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. नाचणीची पेज केली, ती थुंकली. ओठ सुकले. मशिनीपुढून उठेना. "रागावला काय गो माझ्यावर?" असं विचारायला लागली. मला नाही, त्या डब्याला विचारत होती. "काय चुकला काय माझा, बोल ना रं." तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं.

तेव्हा हे लक्षात ठेव. रोज असरनंतर मी अब्बांचा आवाज थोडा थोडा खरवडते आणि अम्माला चार घास भरवते. मला कळत नाही असं नाही. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस ते मला लिही. नुसतं "बंद कर" नको.

तुला डिस्क हवी ना? ये आणि घेऊन जा. मी दारात अडवणार नाही. मात्र आधी एक दिवस अम्माला मशिनीपुढे उपाशी बसलेली बघ, मग स्वतःच्या हाताने तिची पिन काढ. तुला जमलं तर मी शब्द बोलणार नाही.

आणि येणं जमत नसेल तर एकदा तरी बोल तिच्याशी. अल्लाच्या वास्ते. टक्कल दाखवू नको, नुसतं बोल.

मैमुना


बोर्ली पंचतन
१९ फेब्रुवारी २०२५

भाई,

डिस्क थांबली. शनिवारी. घुंई करून वर चढली, कच्चकन काही तरी आत तुटलं आणि थांबली. मी बंद करून पुन्हा लावली, डबा थोपटला, डिस्क काढून उन्हात ठेवली, हातात धरून झटका दिला. जुन्या लोकांचे सगळे इलाज केले. नाही फिरली.

अम्माचा तळवा डब्यावरच होता. बराच वेळ तसाच होता. तुझी फाईल चालू होती, जेवलीस का, जेवलीस का. तिने ती ऐकली पण नाही. मग हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "गेला माझा पोर."

मी म्हटलं, अम्मा, नाही. मशीन बिघडलीय. तबरेज मस्कतला हाय, चांगला हाय. रंगू म्हणाली, "चाची, जित्ता हाय तो, न्हाय त्या बोलू नका." कुणाचं ऐकेना. ओढणी डोक्यावर घेतली आणि रडायला लागली. मी तिला अब्बांच्या वेळी रडताना पाहिलंय. हे तसंच रडणं होतं, दमाने, मोठ्याने. बाजूच्या बायका धावत आल्या. मी दारातच सांगितलं, आत जाऊन वाद घालू नका, नुसत्या बसा. काय करणार? बसल्या बिचाऱ्या. एकीने मय्यतीला पढतात तशी यासीन पढायला घेतली. एक जिवंत माणूस मस्कतमध्ये ड्यूटीवर, आणि इथं त्याचं सुतक चालू होतं.

मी रंगूच्या फोनवरून तुला लावला. तू उचललास. "हॅलो," म्हणालास. किती दिवसांनी ऐकला मी तुझा आवाज, म्हातारा झालायस रे. मी "भाई" म्हटलं आणि तू ठेवलास. परत लावला तर तोही नंबर ब्लॉक.

ती आता काहीच खात नाही. मी भरवायला गेले की माझा हात धरते आणि समजूत काढते, "तू जेव पोरी. मना नको. माझ्या घरात मय्यत झालीय." डॉक्टरने सलाईन लावलीय, सुई काढून टाकते.

ये. हे पत्र पोचेपर्यंत वेळ जाईल, झियानला पण फोटो काढून पाठवतेय, तो तुला दाखवेल. मी हात जोडते, पाया पडते, काय हवं ते म्हण. ये, तिच्यापुढे उभा राहा, तिचा तळवा उचलून स्वतःच्या छातीवर ठेव. ओळखेल. ती हाताने ओळखते.

मैमुना


बोर्ली पंचतन
९ एप्रिल २०२५

भाई,

अम्मा रमजानच्या पहिल्या आठवड्यात गेली, ते तुला झियानने सांगितलं. तो ईदला आला होता, भेटला. म्हणाला, खबर कळली त्या दिवशी तू कामावर गेला नाहीस, कॅम्पच्या मशिदीत भिंतीला टेकून बसून राहिलास, कुणी पाणी दिलं तर तेही घेतलं नाहीस. आणि त्याला म्हणालास, "कुठल्या तोंडाने जाऊ? ती मला ओळखत नव्हती." तुला माझा राग होता असं मी एवढी वर्षं धरून चालले होते. तू घाबरला होतास. आधी सांगितलं असतंस तर मी तुला घ्यायला मुंबईला आले असते रे. हात धरून आणलं असतं.

आता काही उपयोग नाही. शेवटपर्यंत तिने तुझंच दुःख केलं. तुझ्यासाठी फातिहा द्यायला लावली मला. मी दिली. तू जिवंत असताना तुझ्या नावाने फातिहा दिली, गुन्हा असेल तर माझ्या डोक्यावर. शेवटी तिने माझ्याजवळ तुझा बिछाना मागितला, कवटाळून झोपली, आणि सकाळी उठली नाही. अब्बांच्या शेजारीच जागा मिळाली.

झियान उद्या निघतोय. त्याच्याबरोबर बिस्किटाच्या डब्यात दोन वस्तू पाठवतेय.

एक, ती डिस्क. तुझी आहे, ठेव. कानाशी नेऊन हलवलीस तर आत पूड वाजते. तीच पूड म्हणजे अब्बांचा आवाज, मृणालीने बघितली आणि मान हलवली. कुणाला दाखवू नकोस, काही निघणार नाही, उगाच आशा लावतील. मी तुझ्या वाट्याचे अब्बा अम्माला भरवले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा अशीच रात्रंदिवस जळत राहीन. मला माफ कर असं म्हणत नाही. तुला जमणार नाही, आणि मला पटणार नाही.

ते काय बोलले होते ते मात्र मला आठवतं, मी टेप धरून बसले होते. म्हणाले, तबरेज, बेटा, सुपारी वाळत घातली होती, भरून आलं म्हणून मैमुनाने नि मी धावत उचलली. वरच्या आळीची विहीर आटली. गुडघा दुखतो. तुझ्या अम्माने नवीन पडदे शिवले, हिरवे, मला आवडले नाहीत, तू सांगू नकोस. मग खोकले. मग म्हणाले, टेप संपत आली, ठेवतो. एवढंच भाई. रागाचं काही नव्हतं त्यात. तू एवढी वर्षं ज्याला घाबरलास ते त्यात नव्हतंच.

दुसरी वस्तू, मशिनीतलं कार्ड. सोबत ते वाचायची पट्टी ठेवलीय, कुठल्याही कॉम्प्युटरला लागेल. त्यावरचं बाकी सगळं मी काढून टाकलंय. तुझी जेवलीस का वाली फाईल पण. ती माझ्याच्याने ऐकवेना. आता त्यावर एकच फाईल आहे. अम्मा तुझ्यासाठी रडली ती. त्या शनिवारी मी मोबाईल चालू करून तिच्याजवळ ठेवला होता, म्हटलं हे ऐकून तरी येईल. मग पाठवली नाही. माणसाने स्वतःचं सुतक ऐकावं का, मला ठरवता येईना. आता तू ठरव. त्यात ती तुझं सगळं सांगते, लहानपणी गोवर आला होता ते, खाडीत पडलास ते, पहिल्या पगाराची साडी. इतकं सगळं आठवत होतं तिला. मलाही माहीत नव्हतं.

ऐकून झालं की आपल्या रीतीप्रमाणे कर. त्याच्यावरच तुझं भर आणि येणाऱ्याबरोबर परत पाठव. अम्माचं पुसलं जाईल, जाऊ दे. ते कुणी जपून ठेवायचं नसतं.

मशीन मी मृणालीला दिली नाही. डब्यात आता ना डिस्क ना कार्ड, असरनंतर बटण दाबलं की काळा पडदा येतो आणि डिस्क सापडत नाही म्हणतो. तरी दाबते. सवय.

तुझं कार्ड आलं की त्यात घालीन. फार बोलू नकोस, तुला जमणारही नाही. मैमुना, जेवलीस का, एवढं विचारलंस तरी चालेल. मला ते बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

मैमुना